कोणता निर्णय मुलाच्या हाती द्यावा?

प्रश्न : आम्ही सांगलीत गावभागात राहतो. थोरला मुलगा नुकताच सतरा वर्षांचा झाला असून विश्रामबागच्या एका कॉलेजात अकरावीला आहे; धाकटा चौदा वर्षांचा आहे. पूर्वी शाळेतून आल्या आल्या ओट्याशी उभा राहून दिवसभराचे सगळे सांगणारा थोरला आता खोलीचे दार लावून घेतो आणि काही विचारले तर ‘काही नाही’ म्हणून विषय संपवतो. रात्री उशिरापर्यंत मोबाइल चालू असतो. आता त्याने गाडीचा हट्ट धरला आहे. त्याचे वडील म्हणतात, मोबाइल रोज तपासायचा. सासूबाई म्हणतात, मुलगा आहे, त्याला एवढे धरून ठेवू नका. धाकटा मित्रांबरोबर घाटावर पोहायला जातो, तो परत येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो. मुलांना किती मोकळीक द्यावी, हे मला समजेनासे झाले आहे.
– एक आई, सांगली

उत्तर : ताई, दार, मोबाइल, गाडी आणि नदी या चारही गोष्टी तुमच्या मनात एकाच काळजीत मिसळल्या आहेत, आणि त्यामुळेच घरात प्रत्येक गोष्टीवरून तितक्याच जोरात वाद होत असावा. यातल्या गाडी आणि नदी या दोन गोष्टी जिवाशी संबंधित आहेत. तिथे आईवडिलांनी ठाम राहायचे. उरलेल्या बाबतींत मात्र तुमचा शब्द हळूहळू मागे आणि त्याचा पुढे येऊ द्यायला हवा. जिथे नकार द्यायचा त्या जागा मोजक्या ठेवल्या, तरच मुले त्या नकाराला मान देतात, हा दोन मुलगे वाढवताना मला आलेला अनुभव आहे.

गाडीचा प्रश्न तुम्ही समजता तेवढा अवघड नाही, कारण तो कायद्याने सोडवलेला आहे. गिअरच्या मोटारसायकलीचा परवाना अठरा पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही. सोळाव्या वर्षी पालकांच्या संमतीने परवानगी मिळते ती पन्नास सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीपुरती. 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. हे त्याला वडिलांनी शांतपणे, एकदाच सांगावे, आणि घरातल्या गाडीची किल्ली ‘कोपऱ्यावरून दूध घेऊन ये’ म्हणून कोणीही त्याच्या हातात देऊ नये. पुढच्या वर्षी परवान्याची कागदपत्रे मात्र त्याची त्यालाच करू द्या.

धाकट्याचे पोहणे बंद करू नका. कृष्णाकाठच्या मुलाला पोहता आलेच पाहिजे. पण नदीचे नियम मुलांच्या धाडसावर ठरत नाहीत. आयर्विन पुलाजवळ 40 फुटांची इशारा पातळी आणि 45 फुटांची धोका पातळी गावभागातल्या घराघरांत पाठ असते, तरी पाण्याला ओढ त्याच्या कितीतरी आधी लागते. पट्टीचा पोहणारा मोठा माणूस बरोबर असल्याशिवाय उतरायचे नाही, पुलावरून उडी कधीही मारायची नाही आणि पाणी गढूळ होऊन चढू लागले की घाटाच्या पायऱ्यांवरही थांबायचे नाही, एवढे ठरवा. पावसाळ्यात पाण्याची पातळी रोज जाहीर होते. ती पाहून घरात सांगण्याचे काम त्याच्याकडे द्या. धोका स्वतः वाचायला शिकलेला मुलगा घाटावर मित्रांनाही आवरतो.

आता बंद दाराविषयी. या वयात शरीराचे घड्याळच पुढे सरकते, रात्री झोप उशिरा लागते आणि सकाळी डोळे उघडत नाहीत. गरज मात्र आठ ते दहा तासांच्या झोपेची असते. म्हणून मोबाइल तपासण्यापेक्षा रात्री ठरलेल्या वेळी तो बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावणे अधिक उपयोगाचे आहे, आणि तो नियम वडिलांच्या मोबाइललाही लागू हवा. चोरून तपासणी केल्याचे कळले की मुलगा दुसरा पासवर्ड शोधतो आणि खरी अडचण आली तरी तुमच्याकडे येत नाही. कोणी धमकावते आहे किंवा पैसे मागते आहे अशी शंका आली, तर त्याच्यासमोर बसून मोबाइल पाहा.

समोरासमोर बसवून विचारले की ही मुले गप्प होतात, पण शेजारी चालताना बोलतात. आम्ही साताऱ्यात राहतो. माझा थोरला त्या वयात माझ्याबरोबर सकाळी अजिंक्यतारा चढताना एक अक्षर बोलत नसे. वर मंगळाईच्या देवळाशी बसून पाणी प्यायलो की उतरताना अभ्यास, मित्र, अगदी एखाद्या मुलीविषयीसुद्धा आपणहून सांगू लागे. मी फक्त ऐकत असे आणि घरी आल्यावर त्यातले काही उकरून काढत नसे.

सासूबाईंच्या म्हणण्यात थोडे तथ्य आहे, पण ‘मुलगा आहे’ म्हणून दिलेली मोकळीक आणि मोठा होतो आहे म्हणून दिलेली मोकळीक यांत मला फार मोठा फरक दिसतो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्यात सुरू केलेल्या बोर्डिंगमध्ये निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहून स्वयंपाक, झाडलोट आणि शेतातली कामे करत शिकली. शंभर वर्षे उलटून गेली तरी आपल्या किती घरांत सतरा वर्षांचा मुलगा जेवून उठताना ताट तिथेच ठेवतो! त्याचे कपडे, त्याची खोली आणि आठवड्यातून एकदा घरच्यांसाठी साधा स्वयंपाक हे त्याच्याकडे द्या. बसभाडे, वह्या आणि खाऊचे पैसे महिन्याच्या सुरुवातीला एकदम द्या आणि वीस तारखेला संपले तरी मध्येच भर घालू नका. कॉलेजला जाण्याच्या बसपासाचे तेवढे तुम्ही पाहा.

दार लावणे हे एरवी काळजीचे लक्षण नाही. पण दोन आठवड्यांहून अधिक काळ जेवण आणि झोप बिघडली, मित्र तुटले, आवडीचे खेळ सुटले, तर डॉक्टरांना दाखवा. आणि जगण्याचा कंटाळा आल्याचे त्याच्या बोलण्यात एकदा जरी आले, तरी त्याच दिवशी मदत घ्या. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येते, पालकांनाही.

हे सगळे एकाच आठवड्यात सुरू करू नका. आधी गाडीचे बोलणे वडिलांकडून होऊ द्या, मग मोबाइलची वेळ चौघांनी मिळून ठरवा, आणि पैशांचा व्यवहार येत्या एक तारखेपासून त्याच्या हाती द्या.