झाकलेल्या टोपलीवरची बोली

आंब्याचे हिशोब झाले आणि पोरांच्या सुट्ट्या संपल्या की आमच्याकडे क्रूझच्या प्रश्नांचा पाऊस पडतो, यंदा तर चारपैकी चारही प्रश्न एकाच गोष्टीवरचे, की निघायच्या तोंडावर कंपनी केबिन बदलून देते म्हणते किंवा अजून थोडे दिवस राहा म्हणते, तर घ्यायचं का. मी स्वतः नऊ वर्षं बोटीच्या रिसेप्शन काउंटरवर उभा राहून काढलीत, त्यामुळे जे सांगतोय ते काउंटरच्या आतल्या बाजूने बघितलेलं आहे.

प्रश्न : आम्ही दोघंच, वय ६४ आणि ६०. सिंगापूरहून ४ रात्रींची क्रूझ बुक केलीय, खिडकीवाली केबिन, तिसऱ्या डेकवर अगदी मधोमध. निघायला १२ दिवस राहिलेत आणि आता मेल आलाय की बाल्कनीच्या केबिनसाठी माणशी किमान ९० डॉलरची बिड लावा. मुलगा पुण्याहून म्हणतो लावून टाका बाबा, एकदाच जाताय. हिला बोट लागते, दाभोळ-धोपावे फेरीबोटीत सुद्धा गाडीतनं खाली उतरत नाही. काय करू?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : काका, हर्णैला संध्याकाळचा लिलाव बघितलाच असेल तुम्ही. तिथे बोली लावणारा माणूस आधी सुरमईचा कल्ला उचलून लाल आहे का बघतो, मग तोंड उघडतो. हे बिडचं प्रकरण म्हणजे टोपलीवर गोणपाट टाकून केलेला लिलाव आहे. तुम्ही ‘बाल्कनी’ या जातीवर पैसे लावता, कुठली बाल्कनी ते कंपनी ठरवते, आणि एकदा बिड मंजूर झाली की कार्डावरून पैसे गेले, जुनी केबिन गेली, परत मागायची सोय नाही. मंजूर होईपर्यंत मात्र बिड बदलता येते किंवा काढून घेता येते, आणि हे मंजूर होणं कधीकधी निघायच्या एकदोन दिवस आधीपर्यंत लांबतं. रॉयल कॅरिबियनमध्ये याला रॉयलअप म्हणतात, सेलिब्रिटीत मूव्हअप, नॉर्वेजियनमध्ये अपग्रेड अ‍ॅडव्हान्टेज, नावं वेगळी, धंदा एकच.

आता तुमचं. तुमच्याकडे आत्ता जी केबिन आहे ती बोट लागणाऱ्या माणसासाठी सोन्यासारखी आहे, खालचा डेक आणि मधोमध. झोपाळ्यावर खुंटीजवळ हलणं कमी आणि टोकाला जास्त, तसंच बोटीचं पण आहे, पुढच्या टोकाला आणि वर वर जाल तसं हलणं वाढतं. बाल्कनीच्या केबिन बहुतेक वरच्या डेकवर असतात आणि शेवटपर्यंत रिकाम्या उरतात त्या बऱ्याचदा अशा, की ज्या नकाशा बघून घेणाऱ्यांनी सोडून दिल्यात, म्हणजे पुढच्या टोकाच्या, किंवा बरोब्बर स्विमिंग पूलच्या खालच्या जिथे पहाटे साडेपाचला डोक्यावर खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो.

माझ्या काउंटरवर पहिल्या संध्याकाळी हमखास एक रांग लागायची आणि त्यात निम्मे लोक अपग्रेडवाले असायचे. एक आजी-आजोबा अजून डोळ्यासमोर आहेत, आजोबांनी मोबाईलवर फोटो काढून आणलेला, बाल्कनीचा दरवाजा, त्यात दोन खुर्च्या, आणि समोर सगळी चौकट भरून लाईफबोटीची नारिंगी पाठ. आजी म्हणाली, वाकून बघितलं तर डाव्या कोपऱ्यात हाताएवढा समुद्र दिसतो. बोट फुल्ल होती. मी सॉरी म्हणायचं आणि त्यांनी ऐकायचं, दुसरं काही नव्हतं.

पैशाचं पण नीट बघा. ९० हा आकडा माणशी आहे, म्हणजे केबिनला १८०, म्हणजे रात्रीला ४५ डॉलर. (एकटा माणूस केबिन घेऊन जात असेल तरी दोघांचे धरतात बरं का, हे मेलमध्ये बारीक अक्षरात असतं.) वर भारतीय कार्डाचा परकीय चलनाचा चार्ज, बऱ्याच कार्डांना साडेतीन टक्क्यापर्यंत आणि त्यावर जीएसटी. मग एक काम करा, त्याच क्रूझची वेबसाईट नवीन गिऱ्हाईक असल्यासारखी उघडा आणि आज खिडकीवाली आणि बाल्कनी यांच्यात किती फरक दाखवतायत ते बघा. कधीकधी तो फरक बिडपेक्षा कमी असतो, मग फोन करून सरळ त्या फरकात बदलून मागायची, त्यात केबिनचा नंबर तरी आपल्याला निवडता येतो. आणि बिडच्या पानावर तो रंगीत काटा असतो ना, आकडा वाढवला की लालचा हिरवा होणारा, तो बघून हुरळू नका, काटा कंपनीचा आहे, केबिन किती रिकाम्या आहेत ते तो सांगत नाही.

मला विचाराल तर नका लावू. ४ रात्रीत एक दिवस चढण्यात, एक उतरण्यात, एखाद्या दिवशी बंदरात फिरायला जाल, बाल्कनीत बसाल किती? वहिनींनी चार दिवस जेवण पोटात ठेवलं तर ती ट्रिप वसूल झाली समजा. मुलाला सांगा, त्या पैशात येताना सिंगापूरला एक रात्र जास्त राहतो.

प्रश्न : आम्ही सातजण, दोन केबिन घेतल्यात, मध्ये दार असलेल्या. एकीत आम्ही आणि एक मुलगा, दुसरीत सासूबाई आणि बाकी पोरं. काल फोन आला की तुमची एक केबिन १८ हजारात बाल्कनीची करून देतो, पण आज ५ वाजेपर्यंत सांगा, लिंक पाठवतो.
— एक वाचक, मालवण

उत्तर : ताई, नाही. प्रत्येक केबिन म्हणजे वेगळं बुकिंग, एक हलली की मधलं दार गेलं, आणि रात्री दोन वाजता पोराला उलटी झाली की तुम्ही नवव्या डेकवर आणि सासूबाई पाचव्यावर, लिफ्टची वाट बघत. घ्यायचंच असेल तर दोन्ही एकत्र, शेजारशेजारच्या, नंबर लिहून मेलवर मागा. आणि फोनवर आलेल्या लिंकवर पैसे अजिबात भरू नका, खरी ऑफर असेल तर ती कंपनीच्या अ‍ॅपमध्ये तुमच्या बुकिंगच्या पानावर पण दिसेल, नाहीतर तुमच्या एजंटला विचारा. ५ वाजेपर्यंतची घाई तर सगळेच लावतात.

प्रश्न : बार्सिलोनाहून ७ रात्रींची क्रूझ, मार्सेय, जेनोवा, नेपल्स वगैरे, आणि शेवटी रोमजवळ चिविटावेकियाला उतरायचं. आता कंपनी म्हणते त्याच बोटीवर पुढचे ७ दिवस राहा, सँटोरिनी, कुशादासी, अथेन्स करून परत तिथेच, भाड्यात मोठी सूट. आम्ही दोघं रिटायर्ड आहोत, वेळच वेळ आहे. हरकत काय?
— एक वाचक, अलिबाग

उत्तर : वेळ आहे हे उत्तम, पण आधी पासपोर्ट काढा आणि शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, स्टिकर बघा. त्यावर दोन खाने आहेत, एकात किती दिवस राहता येईल ते, दुसऱ्यात किती वेळा आत येता येईल ते. दिवस मोजून दिलेले असतील तर दुसरा आठवडा त्यात बसतो का ते बोटांवर मोजा, पोचायचा आणि निघायचा दिवस पण धरून. आणि कुशादासी आहे तुर्कस्तानात, म्हणजे शेंगेनच्या बाहेर. तिथे जाऊन परत अथेन्सला येणं म्हणजे दुसऱ्यांदा आत येणं, त्या खान्यात ०१ असेल तर ही सगळी ऑफर तिथेच संपली, मल्टिपल असेल तरच पुढचं वाचा. तुर्कस्तानात उतरायला काय लागतं ते कंपनीकडून लेखी घ्या. (अमेरिकेत याहून गंमत आहे, तिथे १८८६ सालच्या एका कायद्यामुळे परदेशी झेंड्याच्या बोटीला प्रवासी एका अमेरिकन बंदरातून दुसऱ्यात असे नेऊन सोडता येत नाहीत, मध्ये लांबचं परदेशी बंदर लागतं, त्यामुळे दोन क्रूझ सुट्या सुट्या चालतात पण जोडल्या की चालत नाहीत असं होतं.)

मग हिशोब. सूट असते ती मूळ भाड्यावर, बंदराचे कर आणि टिप वेगळ्याच. मोठ्या अमेरिकन कंपन्यांत टिप माणशी रोजची १५ ते २० डॉलर धरा, दोघांची सात दिवसांची २१० ते २८० तिथेच झाली, आणि स्वीट घेतलात तर बऱ्याच ठिकाणी त्याहून जास्त लावतात. परतीच्या विमानाची तारीख बदलायची फी आणि भाड्यातला फरक. ट्रॅव्हल इन्शुरन्स वाढवायचा तर जुना संपायच्या आधी, संपल्यावर कोणी ऐकत नाही. इथल्या एजंटकडून घेतलं तर टीसीएस, म्हणजे आगाऊ घेतलेला आयकर, पण कापला जाईल, तो रिटर्न भरताना वळता होतो, बुडत नाही, पण आत्ता खिशातून जातो. आणि एक अगदी साधी गोष्ट, बीपीच्या गोळ्या पंधरा दिवसांच्याच नेल्या आणि मग बोटीवरच्या डॉक्टरचं बिल बघून बीपी वाढलं असे लोक मी बघितलेत.

हे सगळं जमत असेल तर जरूर राहा, मला अपग्रेडपेक्षा हे जास्त पटतं कारण यात नवीन गावं मिळतात, नुसती गादी बदलत नाही. फक्त विचारा की तीच केबिन राहणार का. बदलणार असेल तरी घाबरू नका, बॅग भरून ठेवायची, हँगरवरचे कपडे केबिनचा स्टुअर्ड तसेच ट्रॉलीवर लटकवून नेतो, आणि तो बहुतेक वेळा आपल्याच रत्नागिरी-सिंधुदुर्गातला कोणीतरी निघतो.

प्रश्न : मुंबई-गोवा २ रात्रींसाठी बाल्कनीला ज्यादा पैसे टाकावे का? बोटीत चढल्यावर मागितली तर स्वस्त मिळते असं ऐकलं.
— एक वाचक, वेंगुर्ला

उत्तर : रिकाम्या उरल्या असतील तर पहिल्या संध्याकाळी रिसेप्शनवर विचारायला काही जात नाही, आणि तिथे निदान केबिनचा नंबर विचारून, जाऊन, दार उघडून बघून मग हो म्हणता येतं, हा माझ्या मते सगळ्यात चांगला अपग्रेड. शनिवार-रविवारला मात्र आशा ठेवू नका. माझी आजी याच पट्ट्यात मुंबई-रत्नागिरी बोटीने यायची, डेकवर पथारी टाकून, आणि बंदरात धक्का नाही म्हणून पडावातून किनाऱ्याला, त्यामुळे बाल्कनीला जादा पैसे म्हटलं की घरात अजून हसतात.

तरी घेतलीतच तर जाताना डाव्या बाजूची मागा, किनारा त्या बाजूला असतो. बोट बरीच बाहेरून जाते आणि रात्रच असते त्यामुळे दिसणार काय, तर मच्छीमारांचे दिवे आणि हवा स्वच्छ असेल तर एखाद्या दीपस्तंभाचा फिरता झोत. येताना किनारा उजवीकडे येतो, पण तेव्हा तुम्ही बुफेच्या लाइनीत असणार.