गोव्यात गाड्यांची कटकट नसलेली, पायी फिरून खरेदी करण्यासारखी मुख्य बाजारपेठ कोणती?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात पणजीत मुक्काम आहे, सोबत वयस्कर आई आहेत, मॉल नको, किनाऱ्यावरचे टी-शर्ट आणि शिंपल्यांच्या माळा नकोत. बाकीच्या शहरांत फक्त चालणाऱ्यांची पेठ असते तशी गोव्यात कुठे आहे, आणि सगळे सांगतात तो अठरा जून रस्ता म्हणजे तीच का?

ती नव्हे. अठरा जून रस्ता पणजीचा मुख्य खरेदीचा रस्ता आहे हे खरं, पण तो गाड्यांचा रस्ता आहे. दोन्ही बाजूंना दुकानं, त्यांच्यापुढे पदपथ, पदपथाला लागून उभ्या केलेल्या गाड्या. आईंना घेऊन एका दुकानातून समोरच्या दुकानात जायचं तर दर वेळी रस्ता ओलांडावा लागेल. नाव मात्र लक्षात ठेवण्यासारखं आहे. 18 जून 1946 रोजी मडगावच्या मैदानावर राममनोहर लोहियांनी बंदी मोडून सभा घेतली, तो दिवस. त्या मैदानालाही आता लोहिया मैदान म्हणतात.

तुम्हाला हवी तशी जागा म्हापशाला आहे. मी म्हापशाजवळच्या गावात राहते, आमच्या घरचा आठवड्याचा बाजार तिथलाच, तेव्हा माझं मत त्याच्या बाजूने झुकलेलं आहे हे आधीच सांगते. पण कारणही देते. म्हापशाचा नगरपालिका बाजार पोर्तुगीज राजवटीच्या शेवटच्या काळात आखून बांधलेला आहे. दुकानांच्या रांगा, रांगांमधून चालायच्या वाटा, आणि एकेका मालाला एकेक जागा. केळी एकीकडे, मासळी दुसरीकडे, मसाले तिसरीकडे. आतल्या वाटा चालणाऱ्यांच्याच. रोज बाजार असतोच, पण शुक्रवारी बार्देश, पेडणे, डिचोलीच्या गावांतून बायका पाट्या घेऊन येतात आणि बाजार आपल्या भिंतींबाहेर सांडतो. पूर्वी शुक्रवारी कामावर रजा टाकणारी माणसं आमच्याकडे होती, अजूनही आहेत.

तुम्ही शुक्रवार गाठाच. पणजीच्या कदंब स्टँडवरून म्हापशाची शटल बस मिळते, अंतर 13 किलोमीटरच्या आसपास, आणि म्हापशाचा स्टँड बाजाराला अगदी लागून आहे. टॅक्सीची गरज नाही. उन्हं वर यायच्या आत, आठ-साडेआठला पोचा. त्या वेळी भवानी व्हायची असते, विकणारी बाई खुशीत असते आणि माल वर असतो. अकरानंतर चालायला जागा उरत नाही, आईंना त्रास होईल. पावसाचे दिवस आहेत, जमीन ओली असते, तेव्हा न घसरणारी चप्पल घाला. चुकामूक झाली तर भेटायला शकुंतलेचा पुतळा ठरवा, कोणालाही विचारलं तरी दाखवतील.

आता तुमचं नशीब असं की तुम्ही चतुर्थीच्या तोंडावर येताय. त्या आठवड्यात दुसरं काही बघितलं नाही तरी चालेल, माटोळीचा बाजार बघा. गोव्यात गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात आणि तिला रानातली, बागेतली फळं, फुलं, वेली बांधतात. ती माटोळी. शेजारच्या सिंधुदुर्गातही ती आहे, पण देशावर नाही, म्हणून तुम्ही कदाचित पाहिली नसेल. चतुर्थीच्या आधीचे दोन-तीन दिवस रानाजवळच्या गावांतली माणसं पहाटेच येऊन बाजारात आणि रस्त्याच्या कडेला गोणपाटावर हा माल मांडून बसतात. सुपारीचं अख्खं शिपटं, म्हणजे घोस, हिरवा-केशरी. कांगलांचे झुबके, ज्याला तुमच्याकडे मालकांगोणी म्हणतात तीच. फळ उकललं की आतून शेंदरी दाणा दिसतो. कवंडाळ लालभडक, दिसायला एवढं देखणं की मुलं हात घालतात, पण ते खायचं नसतं, मुलांना सांभाळा. शिवाय घागऱ्या, नागलकुडे, तोरंजन, निरफणस, चिबूड, केळ्यांचे घड. एकेका जिनसाची चार-पाच नगांची जुडी केळीच्या सोपाने बांधलेली असते. विकणाऱ्या म्हाताऱ्याला नुसतं विचारा, "हें खंयचें?" तो रानाचं नाव सांगेल, आणि वेळ असला तर हे फळ कुठल्या झाडावर चढतं तेही सांगेल. कला आणि संस्कृती संचालनालय दर वर्षी माटोळीची स्पर्धा घेतं, तिच्यात लोक शेकडो प्रकार बांधतात. पण ज्याला रान कळतं तो माणूस इथे गोणपाटावर बसलेला असतो, आणि मला त्याच्याकडून ऐकायला जास्त आवडतं. तुम्हाला घरी माटोळी बांधायची नसली तरी एक शिपटं आणि कांगलांचा एक झुबका न्या. पुण्या-मुंबईच्या गणपतीवरही ते शोभतं आणि चांगले आठ-दहा दिवस टिकतं.

त्याच आठवड्यात भाजीही बघा. पावसाळी भेंडी येते, लांबलचक, फिकट हिरवी, अंगावर सात शिरा. सात शिरांची भेंडी हेच तिचं नाव. तिला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कोवळी असेल तर टोक दोन बोटांत दाबल्यावर कट्‌कन मोडतं. वाकलं तर घेऊ नका. बाजूला तवशी असतील, हातभर लांब पिवळट काकड्या. आमच्याकडे त्यांची गूळ आणि रवा घालून तवसळी करतात. आईंना करून बघायची असेल तर विकणारीलाच कृती विचारा, तिथल्या तिथे दोन बायका आपापसात वाद घालून दोन कृती सांगतील. तांबडी भाजी जुडीने घ्या, घरी जाईपर्यंत टिकणार नाही, पण मुक्कामात स्वयंपाकघर असेल तर त्याच दिवशी खोबरं घालून परता.

गावठी माल आणि बाहेरचा माल यांतला फरक मात्र तुम्हाला करता आला पाहिजे. गोव्याला लागणारी बरीचशी भाजी बेळगावहून येते, त्यात वाईट काही नाही, आम्हीही खातो. पण ती तुम्हाला घरीही मिळते. ओळखायची खूण सोपी आहे. जिच्यापुढे ढीग मोठा, सगळा एकसारखा आणि शेजारी वजनकाटा, तिचा माल बहुधा घाऊक आलेला. जिच्या पाटीत पाच जिनसा थोड्या थोड्या, दोन पडवळ, चार लिंबं, एक निरफणस, थोडी अळूची पानं, आणि जी वाट्याने विकते, ती परसातलं घेऊन आलेली आहे. वाटा म्हणजे मांडलेली छोटी रास, तिचा एक भाव. तिथे घासाघीस करू नका, हे मी कळकळीने सांगते. ती पहाटे उठून, दोन बस बदलून, पाच-सहाशे रुपयांचा माल विकायला आलेली असते. आणि अलीकडे तिची बसायची जागाच आक्रसत चालली आहे. दुकानदार आपला माल पुढे पुढे मांडतात, बाहेरून आलेले प्लास्टिकच्या वस्तूंचे आणि स्वस्त कपड्यांचे ढीग वाट अडवतात, आणि पाटीवाली कडेला गटाराजवळ ढकलली जाते. हा बाजार तिच्यामुळे नावाला चढला. चार पैसे खर्च करायचेच आहेत तर पहिल्यांदा तिच्याकडे करा. घासाघीस करायची हौस असेल तर चपला, बॅगा, चादरींच्या फडांवर जरूर करा, तिथे भाव त्यासाठीच वाढवून सांगितलेला असतो.

केळ्यांच्या रांगेत मयड्याची केळी मागा. मयडे हे म्हापशाशेजारचं गाव. ही केळी लांब, जाड, दांडगी. एक केळं म्हणजे एका माणसाची न्याहारी. 2021 मध्ये तिलाही मानांकन मिळालं. घेताना पिवळीधमक बघून भुलू नका. सालीवर काळे ठिपके पसरायला लागले की ते खरं गोड होतं. प्रवासात न्यायची तर थोडी हिरवट घ्या.

माडाचा गूळ नक्की घ्या. काळपट, सुळक्यासारख्या ढेपा असतात. दोदोल या गोव्याच्या मिठाईचा रंग आणि वास त्याच गुळाचा. पावसात त्याला पाणी सुटतं, म्हणून कोरडी, घट्ट ढेप निवडा, घरी गेल्यावर हवाबंद डब्यात ठेवा. उकडे तांदूळ किलो-दोन किलो उचला, पेजेसाठी त्याला तोड नाही.

सुक्या मासळीचा आणि मिरचीचा खरा मोसम तुमचा हुकला आहे. तो एप्रिल-मे. पावसाची बेगमी करायला तेव्हा सगळा गोवा बाजारात उतरतो, त्याला पुरुमेंत म्हणतात. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, त्या काळासाठी सुके बांगडे, सुंगटं म्हणजे कोळंबी, गालमो म्हणजे सुका जवळा भरून ठेवायचे, सोलं म्हणजे आमसुलं आणि मिरच्याही. खोलची मिरची काणकोणाच्या डोंगरातली, हरमलची पेडण्यातली, दोन्हींना मानांकन आहे. तुम्हाला सप्टेंबरच्या आसपास मिळेल ती साठवणीतली. मूठभर हातात घेऊन हलवा. बिया खुळखुळल्या तर कोरडी आहे, आवाज आला नाही तर ओल लागली आहे, बुरशी धरेल. चोरिसांच्या, म्हणजे गोव्याच्या डुकराच्या सॉसेजच्या, माळाही टांगलेल्या दिसतील. खात असाल तर बोटांनी दाबून घट्ट आणि कोरड्या असतील त्याच घ्या. पावसाळ्यात मी स्वतः जेवढ्या दोन दिवसांत संपतील तेवढ्याच आणते.

काजूसाठी पणजीच ठीक, अठरा जून रस्त्यावर काजूची जुनी दुकानं आहेत. एक गोष्ट समजून जा म्हणजे पैसे वाया जाणार नाहीत. पाकिटावर डब्ल्यू 180, डब्ल्यू 240, डब्ल्यू 320 असे आकडे असतात. तो एका पौंडात साधारण किती गर बसतात त्याचा आकडा. म्हणजे आकडा लहान तेवढा काजू मोठा आणि महाग. चवीत फरक फारसा नाही. बर्फीला आणि ग्रेव्हीला तुकडा घ्या, निम्म्या पैशांत काम होतं. भेट द्यायला 240 पुरेसा. आणि गोव्यात विकला जाणारा सगळा काजू गोव्याच्या झाडाचा नसतो, कच्च्या बिया बाहेरूनही येतात, तेव्हा गोव्याचाच हवा असेल तर स्पष्ट विचारा. सालीसकट भाजलेला घेतलात तर तो मला जास्त आवडतो, पण तो लवकर संपवावा लागतो.

शुक्रवार नाहीच जमला तर मडगावचं न्यू मार्केट. तेही चालणाऱ्यांचंच आहे, वर छप्पर आणि खाली बोळांचं जाळं, त्यामुळे पावसात म्हापशापेक्षा सोयीचं. तिथला माल वेगळा: कापड, साड्या, लग्नाचं सामान, पूजेचं साहित्य, मसाले, सुका मेवा. बोळ अरुंद आहेत, आईंचा हात धरून चाला. आईंना साडी घ्यायची असेल तर मी तरी मडगाव सांगेन, दुकानदार गादीवर बसवून निवांत दाखवतात. पणजीपासून 35 किलोमीटरच्या आत आहे, बसने तासाभरात.

वेळेचं एक सांभाळा. गोव्यात बहुतेक दुकानं दुपारी एकच्या सुमारास बंद होतात आणि साडेतीन-चारला उघडतात, रविवारी तर बरीचशी बंदच. सकाळी खरेदी, मग बाजाराजवळच्या एखाद्या खाणावळीत माशाचं जेवण, आणि परतीची बस दोनच्या आत पकडा, तोवर जागा मिळते. सामान न्यायला घरून दोन भक्कम कापडी पिशव्या आणा. माटोळीचं सामान एका पिशवीत, गूळ-तांदूळ दुसऱ्या पिशवीत, आणि सुकी मासळी घेतलीत तर आधी कागदात, मग प्लास्टिकमध्ये दोनदा गुंडाळून. नाहीतर रेल्वेच्या डब्यात शेजारी बसणार नाहीत.