‘पोस्ट’ हा एक शब्द की चार? पोस्ट ऑफिस, गोलपोस्ट, पोस्टिंग आणि पोस्टमॉर्टेम

तुमचा प्रश्न असा: ग्वाल्हेरच्या लष्कर भागात शिकवण्या घेता, आठवीतल्या मुलांनी विचारलं की पोस्ट ऑफिस, गोलपोस्ट, बाबांची पोस्ट आणि पोस्टमॉर्टेम यांत ‘पोस्ट’ एकच आहे का, आणि असेल तर त्याचा खरा अर्थ कोणता.

एकच नाही. स्पेलिंग एक, उच्चार एक, पण शब्द चार. त्यातले दोन सख्खे भाऊ आहेत, बाकीच्या दोघांचा त्यांच्याशी काही संबंध नाही. त्यामुळे ‘खरा अर्थ’ शोधायच्या फंदात पडू नका, मुलांना चार खाती पाडून द्या.

पहिलं खातं खांबाचं. लॅटिनमध्ये ‘पोस्टिस’ म्हणजे दाराच्या चौकटीचा उभा खांब. हा शब्द इंग्रजीत फार जुना, थेट जुन्या इंग्रजीच्या काळापासून आहे. गोलपोस्ट, लॅम्पपोस्ट, गेटपोस्ट इथले. खांबावर जाहीर नोटीस लावायची पद्धत होती, म्हणून नोटीस लावणं म्हणजे ‘पोस्ट करणं’, आणि लावलेला कागद तो पोस्टर. फेसबुकवरची पोस्टही याच खात्यात टाका. पुष्कळांना ती टपालातून आली असं वाटतं, पण संगणकावरच्या सुरुवातीच्या सूचनाफलकांवर मजकूर ‘लावायचे’, तिथून ती आली.

दुसरं खातं टपालाचं, आणि सगळ्यात मजेदार हेच. लॅटिन ‘पोनेरे’ म्हणजे ठेवणे. त्याचं ‘पोझिता’ म्हणजे ठेवलेली. त्यावरून इटालियनमध्ये ‘पोस्टा’, फ्रेंचमधून इंग्रजीत ‘पोस्ट’. ठेवलेलं काय? ठरावीक अंतरावर उभे केलेले घोडे आणि स्वार. एकाने थैली पुढच्या ठाण्यापर्यंत न्यायची, तिथून दुसऱ्याने ताज्या घोड्यावर पुढे. सोळाव्या शतकात इंग्लंडात पोस्ट म्हणजे असा स्वारसुद्धा. तातडीच्या पत्रावर बाहेरून ‘हेस्ट, पोस्ट, हेस्ट’ लिहीत, म्हणजे ‘पळ रे स्वारा, पळ’. ‘पोस्ट-हेस्ट’ हा शब्दप्रयोग त्यातूनच आला. आपल्या डाकेची मूळ कल्पनाही हीच, वाटेत टप्प्याटप्प्यावर बसवलेली माणसं आणि घोडी. डाकबंगले त्याच वाटांवरचे. मुलांना तिथल्या महाराज बाडा चौकातल्या पोस्टाच्या इमारतीकडे बोट दाखवून सांगता येईल की १८८५ पासून शिंदे सरकारच्या राज्यात ब्रिटिश हिंदुस्थानचीच तिकिटं चालत, फक्त त्यांवर इंग्रजीत आणि देवनागरीत ग्वाल्हेरचं नाव छापलेलं असे.

तिसरं खातं पदाचं किंवा ठाण्याचं: सैनिकाची पोस्ट, चेकपोस्ट, नोकरीतली पोस्ट, पोस्टिंग. हाही ‘पोनेरे’चाच वंश, फक्त इटालियन ‘पोस्टो’वरून आलेला. माणसाला जिथे ‘ठेवलं’ ती जागा. फ्रेंचमध्ये हे दोन भाऊ लिंगावरून ओळखतात: टपाल स्त्रीलिंगी, पद पुल्लिंगी. इंग्रजीत लिंगच नाही, म्हणून गोंधळ. मराठीने मात्र आपली सोय केली आहे. आपण ‘पोस्टात जाऊन येतो’ म्हणतो, पण ‘मोठ्या पोस्टवर आहे’ म्हणतो. टपालाचं ‘ते पोस्ट’, त्याचं सामान्यरूप होतं. नोकरीची ‘ती पोस्ट’, तिचं होत नाही. ‘मोठ्या पोस्टात आहे’ म्हटलंत तर ऐकणारा समजेल की माणूस हेड ऑफिसात तिकिटं विकतो. मुलांना हा फरक ऐकूनच कळतो, समजवावा लागत नाही.

चौथं खातं ‘नंतर’चं. लॅटिन ‘पोस्ट’ म्हणजे नंतर: पोस्टमॉर्टेम (मृत्यूनंतर), पोस्टग्रॅज्युएट, पोस्टपेड, आणि घड्याळातल्या पी.एम.मधला पी. मुलं हमखास चुकतात ती इथेच. पत्राखालचा पी.एस. म्हणजे पोस्टस्क्रिप्ट, पत्रात असतो म्हणून त्याला टपालात ढकलतात, पण अर्थ ‘नंतर लिहिलेलं’. पोस्टडेटेड चेकचंही तेच.

सरावाला हे वाक्य द्या: ‘ग्वाल्हेरला पोस्टिंग झालेल्या पोस्टमास्तरांनी लॅम्पपोस्टवर पोस्टर लावलं की पोस्टाची परीक्षा पोस्टपोन.’ पोस्टिंग तिसऱ्या खात्यात, पोस्टमास्तर आणि पोस्टाची दुसऱ्या, लॅम्पपोस्ट आणि पोस्टर पहिल्या. पोस्टपोन चौथ्या, पण त्यातला ‘पोन’ पुन्हा तोच ‘पोनेरे’: नंतर ठेवणे. त्याच्या उलट म्हणून आपण वापरतो तो ‘प्रीपोन’ इंग्लंडातल्या माणसाला बहुधा खटकेल, भारतीय इंग्रजीत तो पक्का रुजला आहे.

हिशेबातलं पोस्टिंग, म्हणजे रोजकीर्दीतली नोंद खतावणीत नेणं, बहुधा टपालाच्या पोस्टवरून आलं. आणि ‘कीप मी पोस्टेड’ हे पत्र पाठवण्याबद्दल नाही. वही अद्ययावत ठेवण्यावरून ते आलं असं मानतात.

आता दोन खोड्या. ‘पोनेरे’च्या घरात डिपॉझिट, पोझिशन, अगदी कंपोस्ट खतसुद्धा येतं, पण ‘पोझ’ थेट येत नाही. तो उशिराच्या लॅटिनमधल्या ‘पॉसारे’ (थांबणे) वरून आला. फ्रेंचमध्ये दोघांची सरमिसळ झाली आणि अर्थ ‘ठेवणे’चा चिकटला. दुसरी खोडी ‘पॉस्च्युमस’, म्हणजे मरणोत्तर. लॅटिनमध्ये तो ‘पोस्टुमुस’, सर्वांत शेवटचा. कोणाला तरी त्यात माती या अर्थाचा ‘हुमुस’ दिसला आणि स्पेलिंगमध्ये मधोमध एक एच घुसवला गेला. आज तो लिहावा लागतो, उच्चारायचा नाही.

वर्गात शब्दकोश असेल तर एक सवय लावा. मोठ्या इंग्रजी शब्दकोशात पोस्टच्या डोक्यावर बारीक अंक दिसतात: १, २, ३. बहुधा वेगळा अंक म्हणजे वेगळं मूळ. एकाच अंकाखालचे ए, बी, सी म्हणजे एकाच शब्दाचे अर्थ. ‘नंतर’वाला पोस्ट पुढे आडवी रेघ लावून स्वतंत्र छापतात, कारण तो उपसर्ग आहे. अंक कोणत्या खात्याला कोणता दिला हे कोशागणिक बदलतं, तेव्हा आकडा पाठ करून घेऊ नका, नोंदीतली मूळ सांगणारी ओळ वाचायला लावा. शाळकरी छोट्या कोशात ती ओळ बहुतेक वेळा नसते.