अठरा कामे एकदम पाठवण्यापेक्षा एक काम घेऊन विचारा

तुम्ही उपयोजित कलेच्या तिसऱ्या वर्षाला आहात. अठरा कामांचा पोर्टफोलिओ लिंक्डइनवरून मुंबई-पुण्यातल्या अनेक डिझायनरांना पाठवूनही एखाददुसऱ्या 'छान आहे'पलीकडे काही हाती लागले नाही, असे तुम्ही लिहिले आहे, आणि सांगलीत राहून ओळखी वाढवायच्या कशा, असे विचारले आहे. मी अनेक वर्षे मुखपृष्ठांची व छपाईची कामे करतो आणि विद्यार्थ्यांचे पोर्टफोलिओही नेहमी पाहतो. त्यावरून मला वाटते, तुमची अडचण गावापेक्षा विचारण्याच्या पद्धतीत अधिक आहे.

अठरा कामे नीट पाहून उपयोगी पडेल असे काही सांगायला बराच वेळ लागतो, आणि अनोळखी माणसासाठी तो काढणे कामाच्या दिवसात कोणालाही जड जाते. म्हणून एकच काम निवडा आणि तसेच काम रोज करणाऱ्या माणसाला त्यातली एकच शंका विचारा. तुमच्याकडे मराठी कादंबरीचे एक मुखपृष्ठ आहे, ते घ्या. दोन ओळींचे शीर्षक जवळ आणले की वरच्या ओळीतले उकार खालच्या ओळीतल्या वेलांट्यांना आणि अनुस्वारांना भिडतात. अंतर वाढवले तर शीर्षक विस्कटते. अशा वेळी फॉन्ट बदलावा, ओळ दुसऱ्या शब्दावर तोडावी, की अक्षरे हाताने रेखाटावीत? दोन पर्याय शेजारी ठेवून हे देवनागरी अक्षररचना करणाऱ्याला विचारा. त्याला पाच मिनिटांत उत्तर देता येईल, आणि प्रश्न त्याच्या रोजच्या कामातला असल्याने बहुधा तो ते देईलही. 'एक टाइप' या मुंबईच्या संस्थेने तयार केलेला मुक्ता हा मोफत फॉन्ट तुम्ही वापरला असेल, तर तो का निवडला आणि कोणत्या आकाराला तो तुम्हाला अपुरा वाटला, हेही लिहा. विचार करून केलेली निवड जाणकाराच्या लगेच लक्षात येते.

व्यावसायिक म्हणजे फक्त जाहिरातसंस्थेतले आर्ट डायरेक्टर, असे मात्र धरू नका. माझ्या मते तुमची पहिली भेट तुमच्याच शहरातल्या ऑफसेट छापखान्यात, प्रीप्रेस, म्हणजे छपाईआधी फाइल तपासून तयार करण्याचे काम, सांभाळणाऱ्या माणसाशी व्हायला हवी. तुमच्या मुखपृष्ठाला स्पाइन (पुस्तकाच्या कण्याची पट्टी) किती जाडीची, हे तो आधी विचारेल. १९२ पृष्ठे म्हणजे ९६ पाने. ७० जीएसएम (चौरस मीटरला ७० ग्रॅम) वजनाच्या मॅपलिथो या पुस्तकांच्या साध्या कागदावर ती साधारण ९ मिमी भरतात, आणि बल्की, म्हणजे तेवढ्याच वजनाचा पण फुगीर कागद घेतला की हे माप वाढते. विद्यार्थ्यांच्या मुखपृष्ठांत स्पाइन बहुतेक वेळा नसतेच, किंवा अंदाजाने ठेवलेली असते. मलपृष्ठावरचा बारीक मजकूर चारही रंगांच्या मिश्रणातून काळा केला असेल, तर रजिस्ट्रेशन, म्हणजे रंगांची एकमेकांवरची जुळणी, जरा हलले तरी कडा धूसर होतात, म्हणून तो फक्त काळ्या शाईत ठेवायचा, हेही तो दाखवेल. चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड (कापणीसाठी बाहेर वाढवलेला भाग) आहे का, इनडिझाइन या पानरचनेच्या सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी नीट जुळवणारा वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडलेला नसल्याने जोडाक्षरे तुटली आहेत का, हे सगळे त्याच्या नजरेला पटकन दिसते. फक्त दिवाळी अंकांच्या छपाईची धांदल सुरू असताना जाऊ नका.

सल्ला मिळाल्यावर बहुतेक विद्यार्थी 'धन्यवाद सर' लिहून थांबतात, आणि ओळख तिथेच संपते. याचे मला खरोखर वाईट वाटते, कारण खरी ओळख त्यानंतरच जमते. आठ-दहा दिवसांत काम दुरुस्त करा, जुने आणि नवे रूप एकत्र पाठवा आणि लिहा: 'तुम्ही सुचवल्याप्रमाणे ओळ तिसऱ्या शब्दानंतर तोडली, त्यामुळे चित्राला वर जागा मिळाली, पण लेखकाचे नाव आता उजवीकडे ढकलल्यासारखे दिसते. ते खाली घ्यावे का?' आपल्या शब्दावर कोणी मेहनत घेतली, हे पाहिलेला माणूस तुम्हाला सहसा विसरत नाही. ही दोन्ही रूपे पोर्टफोलिओतही ठेवा, आणि मार्गदर्शकाचे नाव त्यांना विचारूनच द्या. कामे मात्र अठरावरून आठ-दहावर आणा.

प्रत्यक्ष भेटींसाठी कला महाविद्यालयांची वार्षिक प्रदर्शने आणि आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागाच्या पुढाकाराने सुरू झालेला 'टायपोग्राफी डे' हा अक्षररचनेवरचा कार्यक्रम या चांगल्या जागा आहेत. तुमच्या महाविद्यालयातून बाहेर पडून नोकरीला लागलेले माजी विद्यार्थी त्याहून जवळचे. त्यांची यादी शिक्षकांकडे मिळेल.

दोन जाणकारांचे सल्ले परस्परविरोधी निघतील, तेव्हा दोन्ही एकाच कामात कोंबू नका. छपाईबाबत छापखान्याचे ऐका, अक्षराबाबत अक्षरकाराचे. आणि चित्राची कल्पना तुमची आहे, ती पटल्याशिवाय सोडू नका. इंटर्नशिपचा विषय दोन-तीन वेळा असा कामाचा संवाद झाल्यावर काढा, आणि तेव्हाही सुट्टीच्या नेमक्या तारखा, तुम्हाला येणारी सॉफ्टवेअर आणि कोणत्या प्रकारच्या कामात मदत करू शकाल, एवढे स्पष्ट लिहा.