वासरू पाजणारी गाय माजावर यायला इतका वेळ का घेते?

प्रश्नकर्त्याचं म्हणणं असं: टेक्सासमध्ये मांसासाठी पाळलेल्या गायींची कोणी धार काढत नाही, होल्स्टीन या भरपूर दूध देणाऱ्या जातीएवढा दुधाचा ताणही त्यांना नसतो. तरी व्याल्यावर त्या उशिरा माजावर का येतात? आणि आपल्या खिल्लारचंही तसंच का?

मी पशुवैद्य आहे, दक्षिण टेक्सासमधल्या रँचवर काम करतो. इथला सगळा धंदा एका हिशेबावर चालतो. गाय सुमारे २८३ दिवस गाभण असते. दरवर्षी एक वासरू पाहिजे तर व्याल्यापासून ८२ दिवसांत तिनं पुन्हा गाभण राहायला हवं. गर्भपिशवी महिना-सव्वा महिन्यात पूर्ववत होते, बीजांडावर बीजपुटकंही (ज्यांत बीज पिकतं ते फोड) लवकरच वाढू लागतात. अडतं ते पुढे. पुटक फुटून बीज सुटायला मेंदूखालच्या पियूषिका ग्रंथीतून एलएच हे संप्रेरक साधारण तासाला एकदा झटक्यानं सुटावं लागतं. वासरू अंगाला असलेल्या गायीत हे झटके फार विरळ असतात. मेंदूतच तयार होणारी अफूसारखी रसायनं मेंदूकडून या ग्रंथीला जाणारा हुकूम दाबून धरतात. मग पुटक वाढतं, जिरतं, दुसरं वाढतं, तेही जिरतं.

पूर्वी समज होता की सडं चोखल्याचा संदेश कासेच्या नसांतून मेंदूकडे जातो आणि त्यानं हे होतं. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या बीव्हिल केंद्रात गॅरी विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी कासेच्या नसा तोडून पाहिलं, तरी फरक पडला नाही. परकं वासरू लावलं, तेव्हा मात्र ते पीत असूनही एलएच वाढलं! पुढे गायीचे डोळे आणि नाक निकामी करून पाहिलं. एकच इंद्रिय बंद असेल तर काही बदल नाही. दोन्ही बंद झाली की स्वतःचं वासरू खाली पीत असतानाही मेंदूचं वागणं वासरू आईपासून तोडल्यासारखं. थोडक्यात, दुधाहून ‘हे माझंच’ ही ओळख भारी पडते.

कळपात उभं राहिलात तर हे नुसत्या डोळ्यांनी दिसतं. आपलं वासरू बाजूला, उलट्या तोंडानं उभं राहून पितं, म्हणजे शेपूट आईच्या नाकापाशी येते. ती हुंगते, चाटते. चोरून पिणारं परकं वासरू मागच्या पायांमधून तोंड घालतं, लाथ बसली की पळतं. गायीचं वासरू मेलं तर इथले लोक त्याचं कातडं पोरक्या वासराच्या पाठीवर बांधतात. आपल्याकडे कातड्यात भुसा भरून गायीपुढे ठेवायचे, त्यामागचं गणितही हेच.

उपाय म्हणून कोणी वासरं ४८ तास वेगळी ठेवतात, कोणी लवकर तोडतात. दिवसातून एकदाच पाजणं हा मला सगळ्यात पटलेला मार्ग. रँडेल यांच्या १९८१ च्या प्रयोगात ब्राह्मण आणि हेरफर्ड या मांसाच्या जातींच्या संकरातल्या पहिलारू गायींना व्याल्यानंतर महिन्याभरानं असं पाजायला घेतलं, तर माजाला लागणारे दिवस सुमारे १६८ वरून ६९ वर आले. पण गाय हाडावर आलेली असेल तर यातलं काहीच धड चालत नाही. विताना अंगावरच्या मांस-चरबीच्या १ ते ९ च्या मोजपट्टीवर (१ म्हणजे हाडकुळी, ९ म्हणजे लठ्ठ) ती किमान ५ वर हवी, पहिलारू असेल तर ६ वर. मी आधी बरगड्या बघतो, मग वासराकडे वळतो. शिवाय पहिलं बीज बरेचदा मुक्या, म्हणजे बाहेरून खुणा न दिसणाऱ्या माजावर सुटतं आणि पुढचं चक्र आठ-दहा दिवसांतच आटोपतं, म्हणून ते चक्र पूर्ण भरावं यासाठी प्रोजेस्टेरॉन या गाभणपण टिकवणाऱ्या संप्रेरकाचं साधन आठवडाभर योनीत ठेवण्याची पद्धत आहे.

आता खिल्लार. वासरू दाव्याला बांधून फक्त धारेच्या वेळी सोडत असाल, तर मर्यादित पाजणं तुमच्याकडे आधीच चालू आहे. चोवीस तास मोकळं असेल तर महिन्यानंतर सकाळ-संध्याकाळच सोडा. जन्मताच तोडू मात्र नका, वासराशिवाय देशी गाय बहुधा पान्हाच सोडत नाही. तीन महिने उलटूनही माज दिसत नसेल, तर चारा, खनिज मिश्रण आणि पहाटेचा मुका माज आधी तपासा, आणि डॉक्टरांकडून गर्भपिशवीची तपासणी करून घ्या.