कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांचे पाणी, खत आणि धुणे: शेतकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरे

पलूस, वाळवा आणि मिरज या तालुक्यांतील भाजीपाला उत्पादकांनी विचारलेले चार प्रश्न एकाच विषयाचे असल्याने त्यांची उत्तरे येथे एकत्र देत आहे. गावाचे सांडपाणी मिसळणाऱ्या ओढ्याचे पाणी कोथिंबीर-मेथीला द्यावे काय; शौचालय जोडलेल्या गोबर गॅसची स्लरी (संयंत्रातून बाहेर पडणारा पातळ काला) आणि जीवामृत (शेण, गोमूत्र, गूळ व बेसन यांचे आंबविलेले द्रावण) पालेभाजीला चालते काय; बाजारात नेण्यापूर्वी जुड्या धुण्यासाठी ब्लिचिंग पावडर किती घ्यावी; आणि पूर ओसरल्यावर शेतात उभ्या राहिलेल्या भाजीचे काय करावे, असे हे प्रश्न आहेत. ही उत्तरे मुख्यतः कोथिंबीर, पुदिना, कांदापात, काकडी, टोमॅटो, गाजर, मुळा आणि बीट या पिकांसाठी आहेत. वांगी, दोडका, गवार आपण शिजवून खातो आणि नीट शिजल्यावर त्यांवरील रोगजंतू मरतात. कोथिंबीर मात्र आमटी चुलीवरून उतरल्यावर वरून घातली जाते, आणि काकडीची कोशिंबीर विस्तवाजवळही जात नाही. म्हणून या पिकांच्या बाबतीत खबरदारी शेतातच घ्यावी लागते.

पहिला प्रश्न ओढ्याच्या पाण्याचा. गावाची गटारे ज्या ओढ्यात सोडली आहेत त्याच्या पाण्यात त्या गावातील प्रत्येक आजारी माणसाची विष्ठा मिसळलेली असते. विषमज्वर (टायफॉइड), पटकी (कॉलरा), हगवण, अ आणि ई प्रकारची कावीळ यांचे जंतू आणि पोटातील जंतांची अंडी या वाटेने भाजीवर येतात. "वाहते पाणी आपोआप शुद्ध होते" असे एका शेतकरी बंधूंनी लिहिले आहे, परंतु जेथे थोड्या थोड्या अंतरावर नवे गटार मिळते तेथे हे लागू पडत नाही. दुसऱ्या एकांनी पाणी तपासणीचा अहवाल जोडून पाणी योग्य असल्याचे कळविले आहे. तो अहवाल सामू (पाण्याची आम्लता, म्हणजे पीएच) आणि क्षारांचा आहे; पिकाला पाणी मानवेल की नाही एवढेच तो सांगतो, जंतूंबद्दल काहीही सांगत नाही. जैविक तपासणी वेगळी करावी लागते. त्यासाठी निर्जंतुक बाटलीत नमुना घ्यावा, तो बर्फात ठेवून त्याच दिवशी जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत पोहोचवावा, आणि तो जैविक तपासणीसाठी आहे असे स्पष्ट सांगावे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ मध्ये कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पिकांच्या सिंचनासाठी १०० मिलिलिटर पाण्यात विष्ठाजन्य कोलिफॉर्म जिवाणू १,००० पेक्षा अधिक नसावेत आणि एका लिटरमध्ये जंताचे एकापेक्षा अधिक अंडे नसावे, अशी मर्यादा सुचविली होती. उघड्या गटाराचे पाणी ही मर्यादा कितीतरी पटींनी ओलांडते.

माझा स्पष्ट सल्ला असा की अशा पाण्यावर ऊस, चाऱ्याचा मका किंवा शिजवून खाण्याची भाजी घ्यावी. कोथिंबीर आणि काकडी घेऊ नये. उसात आंतरपीक म्हणून कोथिंबीर टाकायची असेल तर तेथेही हाच नियम लावावा, कारण पाणी एकच असते. दुसरे पाणी पुरेसे नसेल तर ठिबक वापरावे, म्हणजे पाणी मुळाशी जाते आणि पान कोरडे राहते. तुषार सिंचन मात्र कटाक्षाने टाळावे. काढणीपूर्वीची शेवटची पाणी बोअरची द्यावीत, कारण ऊन आणि कोरडी हवा यांमुळे पानावरील जंतू दिवसागणिक कमी होतात. ओढ्याच्या अगदी काठावरील विहिरीत ओढ्याचेच पाणी झिरपत असते, त्यामुळे तीही सुरक्षित समजू नये.

येथे एका गोष्टीकडे विशेष लक्ष वेधतो, कारण एकाही प्रश्नात तिचा उल्लेख नाही. पिकाला बोअरचे पाणी देणारे अनेक शेतकरी फवारणीचा पंप मात्र जवळ पडतो म्हणून ओढ्यावर भरतात. त्या पंपातील दूषित पाणी थेट पानावर, तेही बारीक थेंबांनी पानाच्या दोन्ही बाजूंना बसते, आणि औषध कीटकनाशक असले म्हणजे ते रोगजंतू मारतेच असे नाही. बाजाराच्या वाटेवर जुड्या टवटवीत दिसाव्यात म्हणून गाडी थांबवून ओढ्याचे पाणी मारणे हा याहूनही मोठा धोका आहे, कारण त्यानंतर ऊनही लागत नाही आणि दिवसही जात नाहीत. फवारणीचे आणि शिंपडण्याचे पाणी पिण्यायोग्यच असले पाहिजे.

दुसरा प्रश्न स्लरीचा. शौचालय जोडलेला गोबर गॅस ही आपल्या भागातील चांगली सोय आहे आणि ती बंद करावी असे मी मुळीच सुचवीत नाही. परंतु अशा संयंत्रातील तापमान बाहेरच्या हवेपेक्षा फार वेगळे नसते आणि त्यात जंतांची अंडी खात्रीने मरत नाहीत. ओल्या, सावलीच्या जमिनीत ती महिनोन् महिने टिकतात. यांतील टेपवर्म, म्हणजे पट्टकृमी, सर्वांत गंभीर आहे. त्याची अंडी भाजीवाटे पोटात गेली तर मेंदूत गाठी होऊन फिट येऊ शकतात. ही अंडी डुकराच्या विष्ठेतून येतात असा समज सर्वत्र आहे, पण तो चुकीचा आहे. ज्या माणसाच्या पोटात हा कृमी आहे त्याच्या विष्ठेतून ती येतात, आणि म्हणूनच जन्मात मांसाला न शिवलेल्या माणसालाही हा आजार होतो. अशी स्लरी उसाच्या सरीत सोडावी. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाजीच्या वाफ्यात ती कधीही सोडू नये.

जीवामृताबाबत विचारणा करणाऱ्यांची श्रद्धा मी समजू शकतो आणि जमिनीतून ते देण्यास माझा विरोध नाही. मात्र त्यात ताजे शेण असते, आणि गूळ व बेसनावर उपयुक्त जिवाणू जसे वाढतात तसेच शेणातून आलेले ई. कोलाय आणि साल्मोनेला हे रोगकारक जिवाणूही वाढू शकतात. म्हणून कोथिंबीर, पुदिना, कांदापात यांच्या पानांवर जीवामृताची फवारणी करू नये. कच्च्या शेणखताबाबत अमेरिकेच्या सेंद्रिय शेतीच्या नियमांत, मातीला लागणाऱ्या भाजीच्या काढणीपूर्वी किमान १२० दिवस ते जमिनीत मिसळलेले असावे, अशी अट आहे. आपली कोथिंबीर ४० ते ४५ दिवसांत काढणीला येते. याचा अर्थ कच्चे खत आधीच्या पिकालाच घालावे लागेल. भाजीच्या वाफ्यासाठी ढीग लावून पूर्ण कुजविलेले खतच वापरावे. ढिगाच्या आतील तापमान ५५ अंश सेल्सिअस किंवा अधिक असे १५ दिवस टिकावे आणि त्या काळात ढीग किमान पाच वेळा वरखाली करावा, म्हणजे कडेचे खतही आतील उष्णतेत येते. थर्मामीटर नसेल तर लोखंडी सळई ढिगात खोलवर खुपसून थोड्या वेळाने बाहेर काढावी. ती हातात धरवत नसेल तर ढीग तापला आहे असे समजावे. कोंबडी खतालाही हीच प्रक्रिया लागू आहे.

तिसरा प्रश्न धुण्याचा. बांधावर निम्मा कापलेला ड्रम भरून ठेवायचा आणि त्याच पाण्यात सकाळपासून सगळ्या जुड्या बुचकळायच्या, ही पद्धत सर्वत्र दिसते. शेवटच्या जुडीपर्यंत तळाशी बोटभर गाळ साठलेला असतो, आणि पहिल्या काही जुड्यांवरची घाण पुढच्या प्रत्येक जुडीला लागलेली असते. न धुतलेली भाजी अशा धुतलेल्या भाजीपेक्षा बरी, हे मी विचारपूर्वक लिहीत आहे. प्रथम माती झटकून, पिवळी पाने काढून, स्वच्छ पाण्यात एकदा धुवावे. त्यानंतर क्लोरीनच्या पाण्यात एक ते दोन मिनिटे बुडवून पुन्हा स्वच्छ पाण्यातून काढावे. १०० लिटर पाण्याला ३० टक्के क्लोरीन असलेली ताजी ब्लिचिंग पावडर ३३ ग्रॅम लागते, म्हणजे लिटरला १०० मिलिग्रॅम क्लोरीन मिळते. पावडर बादलीत कालवून चुना खाली बसू द्यावा आणि वरचे निवळ पाणी घ्यावे. पाणी गढूळ होताच बदलावे, कारण क्लोरीन मातीवरच खर्च होते. उघड्या पिशवीतील जुन्या पावडरीत जोर राहत नाही. उन्हात तापलेले टोमॅटो थंड पाण्यात टाकू नयेत; देठाच्या खळग्यातून पाणी आणि त्यासोबत जंतू आत ओढले जातात.

तरीही धुण्यावर फार विसंबू नये. क्लोरीनने पानावरील जंतूंपैकी साधारण ९० ते ९९ टक्के कमी होतात, आणि ई. कोलायच्या काही घातक जातींचे शंभरहून कमी जंतूही माणसाला आजारी पाडण्यास पुरतात. २०११ मध्ये जर्मनीत अशाच एका जातीमुळे ३,८०० हून अधिक लोक आजारी पडले आणि ५० हून अधिक दगावले. मूळ शेवटी मोड आणलेल्या मेथीच्या बियांत सापडले. त्याआधी संशय स्पेनच्या काकडीवर घेतला गेला होता आणि तेथील निर्दोष शेतकऱ्यांना माल फेकून द्यावा लागला. कोणत्या शेताला कोणते पाणी आणि खत केव्हा दिले याची नोंद वहीत ठेवा, हा आग्रह मी याच कारणासाठी धरतो. जुलाब, उलट्या किंवा कावीळ झालेल्या व्यक्तीला बरे होईपर्यंत काढणीला आणि जुड्या बांधायला लावू नये, तिची मजुरी बुडणार असेल तर दुसरे काम द्यावे. आणि शेतावर साबण व स्वच्छ पाण्याची घागर असावी.

चौथा प्रश्न पुराचा. २०१९ आणि २०२१ चे पूर कृष्णा-वारणाकाठच्या शेतकऱ्यांना आठवत असतीलच. पुराचे पाणी ज्या भाजीच्या पानाला किंवा फळाला लागले ती वरून कितीही चांगली दिसली तरी विकू नये आणि घरीही खाऊ नये. पंचनामा झाल्यावर ती कुजविण्याच्या ढिगात घालावी. नुकसान मोठे असते याची मला जाणीव आहे, तरी यात सवलत देता येत नाही. विहिरीतील गढूळ पाणी आधी पूर्ण उपसावे आणि नव्याने आलेल्या पाण्यात दर १,००० लिटरला २.५ ग्रॅम ब्लिचिंग पावडर टाकावी. गोल विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजून त्याचा वर्ग करावा, त्याला पाण्याच्या खोलीने आणि मग ७८५ ने गुणावे, म्हणजे लिटर मिळतात: ६ मीटर व्यास आणि ३ मीटर पाणी असल्यास सुमारे ८५,००० लिटर, आणि पावडर सुमारे २१० ग्रॅम. ही पावडर रात्री टाकून सकाळपर्यंत मोटर बंद ठेवावी, आणि जैविक तपासणीचा अहवाल येईपर्यंत या विहिरीचे पाणी भाजी धुण्यास किंवा फवारणीस घेऊ नये.