महिला हक्कांच्या आंतरराष्ट्रीय जाहीरनाम्यासाठी देशांची मतं कशी गोळा करतात? पैसे देतात का?

'पैसे देतात का' हे वाचलं आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसले. संयुक्त राष्ट्रांच्या 1995 च्या बीजिंग महिला परिषदेला मी होते. सरकारी शिष्टमंडळात नव्हे, स्वयंसेवी संस्थांच्या मेळाव्यात. कुणी कुणाला पाकीट दिलेलं मी पाहिलं नाही. आमचे पैसे गेले ते झेरॉक्सवर.

आणि बीजिंगला मतदान झालंच नाही. 189 देश, मजकूर सहमतीने. ज्याला एखादा शब्द खुपतो तो त्याला चौकोनी कंसात घालायला लावतो, आणि कंस सुटेपर्यंत तो शब्द अधांतरी. मसुदा बीजिंगला आला तोच असे शेकडो कंस घेऊन. त्यामुळे तिथे मतं मागत कुणी फिरत नव्हतं. नाही म्हणणाऱ्याला 'चालेल'पर्यंत आणायचं, एवढंच काम.

आमचा मेळावा चीन सरकारने ह्वायरोला नेऊन टाकला होता, शहरापासून पन्नासेक किलोमीटर. पाऊस, तंबूंत पाणी, घोट्यापर्यंत चिखल. आमच्या पाच जणींत मुख्य परिषदेच्या इमारतीत जायचा पास एकच, तो आलटून पालटून वापरायचो. माझ्या वाट्याला दोन दिवस आले. साडीच्या काठाला वाळलेला चिखल, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत अर्ध्या पानाच्या वीस प्रती. जास्त कुणी वाचत नाही, म्हणून अर्धंच पान.

विषय होता मुलीच्या वारसाहक्काचा. आफ्रिकेतल्या प्रतिनिधींना मुलीला समान वारसा हवा होता. काही मुस्लिम देश म्हणत होते, शरियतमध्ये मुलीचा वाटा ठरलेला आहे, त्याला हात लावता येणार नाही. मी बंद दाराबाहेर भिंतीला टेकून उभी. एका छोट्या देशाच्या बाई बाहेर आल्या. त्यांचं शिष्टमंडळ इनमीन तीन जणांचं, आणि बैठका एकाच वेळी चार खोल्यांत. त्यांनी उभ्याउभ्या कागद वाचला आणि म्हणाल्या, "आमच्या राजधानीचा निरोप आहे, या शब्दावर बोलू नका." मी गप्प. मग त्याच हसून म्हणाल्या, "बोलू नका म्हणजे विरोधही करायचा नाही, बरोबर ना?" कागद पर्समध्ये घालून त्या परत आत गेल्या.

लॉबिंग म्हणतात ते हेच. ज्यांच्याकडे माणसं कमी, त्यांच्या हातात तयार वाक्य द्यायचं. राजधानीचा हुकूम तुम्ही तिथे उभं राहून बदलू शकत नाही, त्याच्यातली फट तेवढी शोधायची. शेवटी मजकुरात आलं ते 'वारसा मिळण्याचा समान हक्क'. 'समान वाटा' असं नाही. दोन्ही बाजूंना घरी जाऊन आपणच जिंकलो म्हणता आलं. (माझ्या कागदामुळे झालं असं मी म्हणत नाही. तसे कागद घेऊन शेकड्यांनी बायका उभ्या होत्या.)

रात्री ह्वायरोला परतले तर आमच्या गटातल्या एक ज्येष्ठ ताई म्हणाल्या, "शब्दांचा कीस पाडायला आलीस का इथवर? आम्ही दिवसभर मोर्चात होतो." सगळ्या हसल्या. मीही हसले, ते मात्र अजून खुपतं.

ताई, तुम्ही हे वाचणार नाही, तरी सांगते. 1994 ला महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीने हक्क दिला. केवढा गाजावाजा! पण कायद्यात एक कलम होतं: 22 जून 1994 च्या आधी लग्न झालेल्या मुली वगळून. माझं लग्न 1991 चं. त्या एका ओळीने मी बाहेर. वडील गेल्यावर 2001 मध्ये जो काही माझा भाग उरत होता, त्याचंही हक्कसोडपत्र भावाने समोर ठेवलं, आणि माहेर तुटू नये म्हणून मी सही केली. 2005 च्या केंद्राच्या दुरुस्तीत विवाहित मुलीही आल्या, पण 20 डिसेंबर 2004 च्या आधीचे व्यवहार तसेच ठेवून. तीही एकच ओळ. सातबाऱ्यावर आज माझं नाव नाही. मोर्चे मीही काढलेत आणि पुन्हा काढेन, पण ती ओळ लिहिली जात होती तेव्हा त्या खोलीबाहेर आपल्यातलं कोण उभं होतं?

तर तुमचा प्रश्न. प्रत्यक्ष मतदान होतं तिथे, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत वगैरे, हजर राहून बाजूने किंवा विरोधात मत देणाऱ्यांचंच बहुमत धरतात, तटस्थ त्यात मोजत नाहीत. म्हणून विरोधकाला बाजूने आणायचा हट्ट धरू नका. तटस्थ राहा म्हणा, नाहीतर त्या वेळी चहाला जा म्हणा. 1979 मध्ये स्त्रियांवरील भेदभाव संपवण्याचा करार 130 विरुद्ध 0 असा मंजूर झाला. तो शून्य नीट बघा. मनातून न पटलेले देशही त्या दिवशी विरोधात गेले नाहीत. नंतर सह्या करताना अटी घातल्याच, आपल्या भारतानेही: विवाह आणि कुटुंबाच्या कलमांवर.

मदतनिधीचं आमिष, व्यापाराचा दबाव, 'तुम्ही आमच्या उमेदवाराला, आम्ही तुमच्या ठरावाला' हे सरकारांमध्ये चालत असणारच. मी दाराबाहेर होते, त्यामुळे त्यावर छातीठोक बोलणार नाही. शिवाय माझा अनुभव तीस वर्षांपूर्वीचा, आता सगळं फोनवर होत असेल.

एक मात्र करा. तुमच्या संस्थेला कुठे जायचं असेल तर विमानाच्या तिकिटाआधी दिल्लीतल्या मंत्रालयात खेटे घाला, प्रतिनिधीला सूचना तिथून जातात. आणि घरी कुणी हक्कसोडपत्र पुढे केलं तर चहा पिऊन या, सही करू नका.